लेकीच्या घरचं पाणी

प्रमिलाताई कर्णिक मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी या लिहिण्यात माया शोधत बसायला नको. आपल्याकडे माणसावर लिहायला घेतलं की लेखणी हळूहळू मऊ पडते. तिरसटपणाला करारीपणा म्हणते, हट्टाला तत्त्व म्हणते आणि शेवटच्या पानावर त्या माणसाच्या पाया पडून मोकळी होते. माझ्याकडून तसं होणार नाही. बाई अजून हयात आहेत, माझ्यापेक्षा भराभर चालतात आणि हे त्यांच्या वाचनात आलंच तर एवढंच म्हणतील, "माझं काही म्हणणं नाही."

हे त्यांचं पालुपद. ते म्हणून त्या गप्प बसायच्या आणि समोरचा माणूस, बाईंना नेमकं काय म्हणायचं असेल ते शोधत हैराण व्हायचा. एकदा मी केलेले पोहे त्यांनी चमच्याने उलटसुलट करून पाहिले, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही. तुमच्याकडे असेच करत असतील." 'तुमच्याकडे' म्हणजे माझ्या माहेरी सोलापूरला, की सासरी, की माझ्या जातीत, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस पोहे करताना माझा हात अडखळायचा, याचा राग मला आजही आहे.

नाशिकच्या एका शाळेत त्या पर्यवेक्षिका होत्या. नवरा गेल्यावर सिंगापूरला मुलीकडे आल्या, थोडे दिवस म्हणून, आणि राहिल्या. मुलगी मीनल, बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत, पगार चांगला, त्यामुळे तिच्या नोकरीच्या पासवर आईचाही इथे राहायचा पास निघाला होता. ईस्ट कोस्टला समुद्राच्या बाजूचा कॉन्डो, म्हणजे बाग-तलाववाल्या खासगी इमारतीतला फ्लॅट. मीनलला सगळे हुशार म्हणायचे आणि ती होतीच, पण आईसमोर तिचा आवाज वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखा व्हायचा.

रोज सकाळी प्रमिलाताई ईस्ट कोस्टच्या बागेत फिरायला जायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चालायच्या बरोब्बर सायकलींच्या वाटेवरून. शेजारी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, पाट्या आहेत, रंगवलेली चित्रं आहेत. बाई सायकलींच्याच वाटेवर. मागून पोरं घंटी वाजवायची. बाई न वळता मराठीत म्हणायच्या, "वाजवतोस कशाला? ऐकू येतंय मला." पोरं वळसा घालून जायची. एका दमात त्या सगळा किनारा पालथा घालायच्या आणि घरी यायच्या. पण मीनलला मैत्रिणीचा फोन आला, संध्याकाळी बाहेर जायचं ठरायला लागलं, की यांचा गुडघा दुखायला लागे. त्या गुडघ्याला मीनलच्या फोनची घंटी बरोब्बर ऐकू यायची.

मी तोआ पायोहला राहते, ऑफिसही तिथलंच. महिन्यातून एका रविवारी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि बस करून त्यांच्या कॉन्डोत जायचे, कारण आम्ही काही बायकांनी वाचनाचा एक कट्टा सुरू केला होता. सुरू आम्ही केला होता. पुढच्याच महिन्यात तो प्रमिलाताईंचा झाला. कुणी कुठे बसायचं, चहा कधी यायचा, कुणाचं पुस्तक घ्यायचं, सगळं त्या ठरवायच्या. चहा अर्थातच मीनल आणायची. मग मी जात का होते, असं कुणी विचारेल. इथे मराठीत भांडायलासुद्धा माणसं मोजकी मिळतात, म्हणून जात होते.

निखिलला मी पहिल्यांदा त्याच घरात पाहिलं. सांगलीचा मुलगा, बुकित बातोकच्या एका कारखान्यात इंजिनिअर. मीनलची आणि त्याची चांगली ओळख झाली होती आणि आता तो रीतसर घरी येणार होता. प्रमिलाताईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, "कुणीतरी मोठं माणूस हवं" म्हणून. मला वाटलं आता या पोराची उलटतपासणी होणार. तसं काही झालं नाही. बाईंनी त्याला गरम थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा, आग्रह करकरून.

"तुमच्या आई कुठे असतात?"

"सांगलीला, भावाकडे."

"उत्तम. माणसानं मुलाकडेच राहावं." मग आतल्या खोलीकडे तोंड करून, "मीनल, ती निळी बॅग काढ गं खाली."

"आत्ता? कशाला?"

"चेन चालते का बघायची आहे. नुसती पडून राहिली की गंजते."

मीनलचा चेहरा पांढरा पडला. मला कारण कळलं नाही. ती स्टुलावर चढली, कपाटावरची भली मोठी निळी बॅग काढली आणि हॉलच्या मध्यावर आणून ठेवली. निखिल घास हातात धरून बघत राहिला.

"काकू, कुठे निघालात का?"

"मी? छे हो. तुमचं आधी ठरू दे." बाई बॅगेची चेन सावकाश मागेपुढे करायला लागल्या. "लग्न झालं की ते जावयाचं घर. मी लग्न झालेल्या लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आमच्यात नाही तसं. मी आपली जाईन नाशिकला, दिलीपकडे. त्याच्या बायकोला मी घरात नको आहे, पण म्हातारीचं काय, एका कोपऱ्यात पडून राहीन. हिचं सुख महत्त्वाचं. माझं काही म्हणणं नाही."

"काकू, असं कसं? आपण तिघं मिळून राहू की."

"चांगली मुलं असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला अजून एक थालीपीठ वाढलं.

ती बॅग तिथेच राहिली. येता-जाता मीनलचा पाय तिला लागायचा. आठवड्याभरात मीनलने निखिलला सांगितलं, थोडं थांबू या. त्यानंतर कट्ट्याला गेले तर बॅग परत कपाटावर. निखिलच्या आधी आलेल्या एका मुलाच्या वेळीही ती अशीच खाली आली होती, हे मला नंतर समजलं. एक शब्द वाकडा नाही, एक नकार नाही. मुलाचं कौतुकच करायच्या वर. "हिरा होता हो," असं त्या मला निखिलबद्दल म्हणाल्या, तेव्हा माझ्या हातातला कप मी जरा जोरातच खाली ठेवला.

जुन्या काळी मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, अशी पद्धत होती, हे मलाही माहीत आहे. आता कोण पाळतं? आमच्या ओळखीतल्या निम्म्या आया वर्षातून काही महिने लेक-जावयाकडे येऊन राहतात, त्यांचा फ्रिज लावतात, नातवंडांना आमटीभात भरवतात. पण प्रमिलाताईंनी ती पद्धत अशी काही उचलून धरली होती, जशी त्यांच्याच घराण्याला ती सांभाळायला दिली होती. आणि मेख अशी की लेक अविवाहित असेल तर तिचं घर म्हणजे आपलंच घर. तिथे पाणी, जेवण, एसी, सगळं चालतं.

याच सुमाराला कट्ट्यावर ती मेक्सिकन कादंबरी आली. इंग्रजी भाषांतर, जाडजूड. त्यात एका गावातली विधवा आणि तिच्या मुली. घरचा रिवाज असा की धाकटीने लग्न करायचं नाही, आईला मरेपर्यंत सांभाळायचं. ही आई इतकी कजाग की रात्री धाकटीची लांब वेणी आपल्या खुर्चीच्या पायाला बांधून झोपते, पोरगी पळून जाऊ नये म्हणून. प्रमिलाताईंच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, बारीक टाइप दिसायचा नाही. म्हणून ऑफिसातून आल्यावर मीनल त्यांना ते वाचून दाखवायची, मराठीत सांगत सांगत, आणि महिन्याच्या रविवारी त्या आम्हाला सांगायच्या. वाचायची मीनल, रडायच्या प्रमिलाताई. अक्षरशः पदराने डोळे पुसायच्या.

"पोटच्या पोरीची वेणी बांधते हो! बाई आहे की राक्षस? आणि ती पोर, मुकाट्याने मान तिरकी करून झोपते. मला तर दोन रात्री झोप नाही."

मीनल तेव्हा बशांमध्ये चकल्या ठेवत होती. मी तिच्याकडे बघत होते, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच कॉन्डोत खालच्या मजल्यावर रोसारियो राहायची. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातली, जहाजांच्या कंपनीत इंजिनिअर, हसली की लिफ्टबाहेर ऐकू जाईल अशी. मीनलची आणि तिची पोहण्याच्या तलावावर गट्टी जमली होती. प्रमिलाताईंच्या डोक्यात आलं, कट्ट्याला खरीखुरी मेक्सिकन बाई पाहुणी म्हणून बोलावायची. त्या दिवशी खुर्च्यांची नवी रचना, मधोमध पाहुणीची खुर्ची, हळदीकुंकू, वर गुलाबाचं फूल. रोसारियोने कुंकू हौसेनं लावून घेतलं आणि चकली कशी करतात ते विचारलं. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते.

प्रमिलाताईंनी गळा साफ केला. "तुमच्याकडे धाकट्या मुलीचं लग्न करत नाहीत, हे वाचून आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं."

रोसारियो हसली. "कोण करत नाही? आम्ही चार बहिणी, मी धाकटी. चौघींची लग्नं झाली. एकीची दोनदा."

"नाही, म्हणजे खेड्यात असेल."

"माझी आई खेड्यातलीच आहे. हा रिवाज मी पहिल्यांदा ऐकला तो परदेशात. जो भेटेल तो मला हेच विचारतो. माझ्या आजीला सांगितलं तर ती म्हणाली, लग्न न करता घरात बसवून तिला खायला कोण घालणार?"

आम्ही हसलो. प्रमिलाताई हसल्या नाहीत. "तुम्हाला माहीत नसेल कदाचित," त्या म्हणाल्या. "पुस्तकात सगळं नीट दिलं आहे."

मेक्सिकन बाईला मेक्सिको शिकवणारी बाई मी त्या दिवशी पाहिली. पर्यवेक्षिकेची सवय, दुसरं काय. रोसारियोने मात्र राग मानला नाही. ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून जरा विचार करत बसली.

"आईचं करायचं मुलींनीच, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण तसा हुकूम कुणी सोडत नाही. माझा भाऊ रविवारी आईला जेवायला बाहेर नेतो, तर सगळी गल्ली म्हणते, काय गुणाचा मुलगा! डॉक्टर, औषधं, नळ गळतोय, शेजारीण भांडली, हे सगळं आम्हा बहिणींकडे. आम्ही फोनवर एकमेकींशी भांडतो, तू जा, तू जा. आई तर काही मागतच नाही. तिचा नाश्ता चालू असतो तेव्हा इथे माझी रात्र असते, तेव्हा मी रोज फोन करते. ती म्हणते, 'तू तुझं बघ बाळा, मी ठीक आहे.' एवढंच. त्या 'ठीक आहे'नंतर मला जेवण जात नाही. नोकरी सोडून जावं असं वाटतं. या पुस्तकातली आई बरी. ती वेणी बांधते. वेणी कापता तरी येते."

 प्रमिलाताईंना हे सगळं बेसूर वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांना हवी होती रडणारी, पिचलेली धाकटी, आणि आली होती चकल्या खाणारी इंजिनिअर.

"आणि तुमच्याकडे?" रोसारियोने विचारलं. "आया कुठे राहतात?"

आता बाईंना कंठ फुटला. ताठ बसून त्यांनी सांगितलं, आमच्याकडे आया फार स्वाभिमानी. लग्न झालेल्या मुलीच्या घरी राहत नाहीत, राहणं सोडाच, घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत. मुलीवर भार टाकायचा नाही, ही आमची संस्कृती. रोसारियो लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मीनलकडे पाहिलं आणि साधेपणानं विचारलं, "म्हणजे हिनं लग्न केलं तर तुम्हाला तहान लागणार?"

बायका हसल्या. गंमत वाटली त्यांना. मीनल हसली नाही. तिने ट्रे टेबलावर ठेवला, अगदी आवाज न करता, आणि आत निघून गेली. प्रमिलाताई म्हणाल्या, "मॅडम फार विनोदी आहेत." त्यानंतर ती कादंबरी कट्ट्यावर पुढे सरकली नाही. "फार लांबण लावलं आहे," असं म्हणून बाईंनी ती मला घरी न्यायला दिली.

मीनल मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "हे पाण्याचं तुमच्या घरात आधीपासून पाळतात का गं?"

"आधीपासून?" ती थांबली. "काकू, आईची आई शेवटची सगळी वर्षं आमच्याकडेच होती. नाशिकला, बाबांच्या घरात. तिथेच गेली. वरणभात तिला आईच्याच हातचा लागायचा, दोनदा मागून घ्यायची."

 तिथे बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या तोंडात. बाईंनी ही संस्कृती नाशिकहून आणलीच नव्हती, ती त्यांनी ईस्ट कोस्टला आल्यावर जुळवली होती.

 पुढच्याच रविवारी मीनलने निखिलला परत घरी बोलावलं. तो येण्याआधी ती स्वतःच स्टुलावर चढली, निळी बॅग खाली काढली, आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "चेन चालते का बघ." हे मला तिनेच फोनवर सांगितलं.  मी माझ्या स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

लग्न साधंच झालं. नोंदणी, मग एका हॉलमध्ये जेवण. मुलीच्या आईचा त्या दिवशी उपास असतो म्हणून प्रमिलाताई काही खाणार नव्हत्या. लग्न लागल्यावर तो सोडतात, पण यांनी सोडला नाही. बरोबर बुफेच्या समोरच्या खुर्चीवर रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. जो वाढून घ्यायला जाई तो त्यांना विचारी, "तुम्ही नाही घेतलंत?" आणि त्या म्हणत, "मुलीचं सुख बघून पोट भरलं." मीनल दोनदा ताट घेऊन आली. मीनलच्या स्वतःच्या ताटातली जिलबी शेवटपर्यंत तशीच होती. त्याच आठवड्यात बाई नाशिकला गेल्या, निळी बॅग घेऊन. विमानतळावर म्हणे त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. मला वाटलं, सुटली पोरगी.

गणपतीनंतर गेलेल्या बाई संक्रांतीच्या आत परत आल्या. दिलीपच्या बायकोने काय केलं, काय नाही, मला माहीत नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे. आता मीनल निखिलच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये होती. प्रमिलाताई तिथे उतरल्या, आणि थोड्याच दिवसांत आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. प्रमिलाताई म्हणे लेकीच्या घरचं पाणीही घेत नाहीत. दिवसभर खाली बागेत बसतात, दुकानातून विकत घेतलेलं पाणी पितात, कॉफीशॉपमध्ये प्राटा, म्हणजे इथला तेलकट पराठा, खातात. कुणीतरी लिहिलं, "या वयात!" दुसरीने लिहिलं, "मुलीला काही वाटत नाही का?" ज्या बायका त्या दिवशी रोसारियोच्या प्रश्नाला हसल्या होत्या, त्याच या. मी ग्रुपवर काहीतरी तिखट लिहिलं, त्यावर कुणीच उत्तर दिलं नाही.

मग ते पुस्तक परत करायचं निमित्त काढून मी बुकित बातोकला गेले. ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी. ब्लॉकसमोरच्या बागेत, म्हाताऱ्यांच्या व्यायामाच्या लोखंडी चाकांशेजारी, एका बाकावर बाई बसल्या होत्या. तीच कडक इस्त्रीची साडी, तेच पांढरे बूट. शेजारी पिशवी, हातात दुकानातल्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. बाक असा निवडला होता की एमआरटीवरून घरी येणारा प्रत्येक माणूस समोरून जावा. एक चिनी आजीबाई भाजीची गाडी ओढत थांबल्या.

"आंटी, एव्हरी डे सिट हिअर! डॉटर नॉट होम, आह?"

"शी इज होम," प्रमिलाताई त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आय डोन्ट टेक वॉटर इन डॉटर्स हाउस."

"आय्यो. सो पुअर थिंग," आजीबाईंनी वर खिडक्यांकडे बघत मान हलवली आणि गाडी ओढत निघून गेल्या.

मला बघून बाई म्हणाल्या, "या. वर जा. ती आहे घरात. माझं काही म्हणणं नाही."

मी वर गेले. मीनल नुकतीच ऑफिसातून आली होती, गळ्यातला ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टासुद्धा काढला नव्हता, आणि ओट्याशी उभी राहून नळाचं पाणी एका प्लॅस्टिकच्या बाटलीत भरत होती. खाली आईच्या हातात होती तसलीच बाटली, तेच लेबल. मी बघतच राहिले. तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

"तिच्याच रिकाम्या बाटल्या आहेत," ती म्हणाली. "सकाळी एक चपलांच्या कपाटावर ठेवते. ती जाताना उचलते. लेबल फाटलं की नवी आणते."

"आणि प्राटा?"

"एकदाच खाल्ला, पोट बिघडलं. आता पिशवीत माझाच डबा असतो. खाताना ती पाठ करून बसते."

"झोपायला चालतं का घरात?"

"झोपण्याचा काही नियम नाही म्हणाली."

मला हसू आलं आणि तितकाच संतापही. "अगं, मग सांगत का नाहीस कुणाला? तुझ्या नावानं काय काय बोलतात लोक! आत्ताच्या आत्ता ग्रुपवर लिही, या बाटलीचा फोटो टाक."

मीनल ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्याने टिपत होती. "सांगितलं तर ती खरंच प्यायची थांबेल, काकू."

मी खुर्चीत बसले. ती सावकाश बोलत राहिली. ऑफिसने तिला दोन वर्षांसाठी टोकियोला पाठवायचं ठरवलं होतं, मोठ्या जागेवर. निखिलही बरोबर यायला तयार होता, त्याच्या कंपनीची शाखा तिथे होती. तिने आदल्याच दिवशी नाही म्हणून कळवलं होतं.

"आई नको म्हणाली?"

"नाही. ती म्हणाली, माझं काही म्हणणं नाही." तिने फडकं पिळलं. "रोसारियो परत गेली, माहीत आहे का तुम्हाला? नोकरी सोडून, पुएब्लाला. तिची आई फोनवर म्हणाली होती, मी ठीक आहे."

 मी ते जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं. मीनलने त्याच्याकडे बघितलंही नाही.

खाली आले तर प्रमिलाताई माझी वाटच बघत असल्यासारख्या. "पुस्तक दिलंत? पुरं केलंत का हो तुम्ही? शेवटी काय झालं त्या धाकटीचं?"

मी सांगितलं. धाकटी एका रात्री कात्री घेते, आपली वेणी मुळापासून कापते, खुर्चीला बांधलेली तशीच ठेवते आणि निघून जाते. आई सकाळी उठून वेणीशी बोलत बसते.

प्रमिलाताईंनी एक घोट घेतला. वर्षभर ज्या पोरीसाठी त्यांनी पदर भिजवला होता, तिच्याबद्दल त्या म्हणाल्या, "निर्दय कार्टी! म्हाताऱ्या आईला टाकून गेली?"

मी निरोपही न घेता निघाले. रस्ता ओलांडून बसस्टॉपवर उभी राहिले, तिथून बाक स्पष्ट दिसत होता. दिवेलागण व्हायला आली होती. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. त्या घडीला बागेत कुणी नव्हतं. बाटली अजून निम्मी भरलेली होती. त्यांनी झाकण काढलं, बाटली गवतावर उपडी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली, आणि मग ती रिकामी बाटली बाकाच्या हातावर, वरून दिसेल अशी उभी करून ठेवली. वर स्वयंपाकघराचा दिवा लागला.

माझी बस आली, मी ती जाऊ दिली. थोड्या वेळाने मीनल खाली आली, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच, हातात फ्रिजमधली भरलेली बाटली. ती बाकाजवळ येऊन उभी राहिली. प्रमिलाताईंनी मान दुसरीकडे वळवली आणि हात पुढे केला.